यूव्ही ग्लू, यूव्ही दिवा आणि दिवा धरणारा हात: मोजून काम करायची रीत

मोबाइलची फुटलेली काच बदलणारे, काचेच्या ट्रॉफ्या आणि शोकेस जोडणारे, गाडीच्या पुढच्या काचेवर उडालेला टवका भरणारे, नेल पार्लर चालवणारे. सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात या सगळ्यांच्या टेबलावर आता अतिनील (यूव्ही) दिवा असतो. त्यांच्या दोन तक्रारी हमखास कानावर येतात. ग्लू वरून चिकट राहतो किंवा काही आठवड्यांत जोड सुटतो, ही एक. आणि दिवा धरणाऱ्या हाताची मागची बाजू, बोटांची पेरं काळवंडतात, ही दुसरी. पहिल्या तक्रारीसाठी लोक ग्लू बदलतात, दुसरीसाठी क्रीम लावतात. मला या दोन्ही तक्रारींचं मूळ एकाच ठिकाणी दिसतं: कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश, कुठे आणि किती पडला, हे कुणी मोजलेलंच नसतं. म्हणून या लेखात ग्लू आणि कातडी दोघांचा हिशेब एकत्र मांडतो.

आधी दिवा ओळखा

दिव्यावर किंवा त्याच्या खोक्यावर आकडा छापलेला असतो: ३६५, ३९५ किंवा ४०५ नॅनोमीटर. हा आकडा म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी. अतिनील प्रकाशाचे तीन पट्टे पाडतात: ३१५ ते ४०० हा यूव्हीए, २८० ते ३१५ यूव्हीबी आणि १०० ते २८० यूव्हीसी. म्हणजे ३६५ आणि ३९५ यूव्हीएमध्ये बसतात, तर ४०५ काटेकोरपणे पाहिलं तर दिसणारा जांभळा प्रकाशच आहे. बाजारातले स्वस्त टॉर्च बहुतेक ३९५ चे असतात आणि ते भडक जांभळे दिसतात. ३६५ चा चांगला दिवा डोळ्याला फिका, धुरकट निळसर दिसतो. त्यामुळे ‘जास्त जांभळा म्हणजे जास्त जोरदार’ हा समज डोक्यातून काढून टाका. तो उलट फसवतो.

स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांकडचा जुना पाऱ्याचा दिवा असेल तर जास्त जपायला हवं. पाऱ्याच्या दिव्यातून ३६५ बरोबर ३१३ आणि २५४ चा प्रकाशही निघतो. बाहेरची काच किंवा फिल्टर नसेल तर तो थेट अंगावर येतो. पाण्याच्या फिल्टरमधली २५४ ची नळी काढून ग्लूसाठी वापरायचा विचार तर करूच नका. तो प्रकाश साध्या काचेतून पलीकडे जातच नाही, म्हणजे ग्लू ओलाच राहणार. डोळे मात्र भाजणार. वेल्डिंगकडे उघड्या डोळ्यांनी पाहिलं की काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, तेच दुखणं इथेही होतं.

प्रकाश कुठेकुठे सांडतोय हे पाहायला हळदीच्या सांगलीत महागडं काही लागत नाही. चिमूटभर हळद चमचाभर सर्जिकल स्पिरिटमध्ये ढवळा, गाळ खाली बसू द्या, वरचं पिवळं पाणी गाळणकागदावर पसरून वाळवा. खोली अंधारी करून दिवा लावा आणि हा कागद टेबलाभोवती फिरवा. जिथे प्रकाश पोचतो तिथे कागद हिरवट-पिवळा उजळतो, कारण हळदीतला कर्क्युमिन अतिनील आणि निळा प्रकाश शोषून दिसणारा प्रकाश बाहेर टाकतो. कामाच्या जागी धरा, मग हाताच्या जागी, मग तोंडाच्या उंचीला. टेबलावरचा स्टीलचा पत्रा किंवा चकचकीत सनमायका प्रकाश कसा वर फेकतो, हे एकदा असं पाहिलं की टेबलावर काळं मॅट कापड आपणहून अंथरलं जातं. या कागदावरून प्रकाश कुठे पडतो एवढंच कळतं. किती पडतो ते नाही. त्यासाठी यूव्ही मीटर, म्हणजे प्रकाशाचा जोर मोजणारं यंत्र लागतं.

ग्लूपर्यंत प्रकाश पोचतो का?

यूव्ही ग्लू हवेने वाळत नाही, तो प्रकाशाने घट्ट होतो. त्यालाच पुढे ग्लू ‘धरतो’ म्हटलं आहे. त्यात अ‍ॅक्रिलेटचे सुटे रेणू असतात आणि थोडा फोटोइनिशिएटर असतो. प्रकाश पडला की फोटोइनिशिएटर तुटतो, त्यातून मुक्त मूलकं (लगेच जोड शोधणारे रेणूंचे तुकडे) निघतात आणि सुटे रेणू एकमेकांना धरत साखळ्या आणि जाळं तयार करतात. हा फोटोइनिशिएटर ठरावीक तरंगलांबीच ऐकतो. काही ग्लू ३६५ लाच नीट धरतात, काही ४०५ वरही. ग्लूच्या माहितीपत्रकात ते लिहिलेलं असतं, आणि दिवा घेण्याआधी वाचायची ती एकच ओळ आहे.

मग येतो मधला माल. साधी ३-५ मिलिमीटरची काच ३६५ चा बराचसा प्रकाश पलीकडे सोडते. पॉलिकार्बोनेट हे पारदर्शक प्लॅस्टिक मात्र यूव्हीए जवळपास अडवतं. पॉलिकार्बोनेटचं झाकण चिकटवायचं असेल तर ४०५ ला धरणारा ग्लू आणि ४०५ चाच दिवा हवा. अ‍ॅक्रिलिकच्या शीटमध्ये अतिनील-रोधक मिसळलेला असू शकतो, तेव्हा तुकडा मीटरवर धरून पाहिल्याशिवाय काही बोलता येत नाही. गाडीच्या पुढच्या काचेत दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर असतो आणि तो अतिनील अडवतो. टवका बाहेरच्या काचेवर असतो, म्हणून दिवा बाहेरूनच धरायचा. आत बसून धरला तर तासभर धरूनही उपयोग नाही.

ज्या जोडाच्या दोन्ही बाजू अपारदर्शक आहेत तिथे हा ग्लू चालत नाही. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा आणि गळा यांचा जोड घ्या: लाकडातून आणि भोपळ्याच्या सालीतून प्रकाश आत जाणारच नाही. कडेला बाहेर आलेला ग्लू दगडासारखा होईल आणि आतला ओला राहील. अशा वाद्यावर यूव्ही ग्लू वापरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

मोजायचं कसं

दिव्याचा जोर मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये मोजतात. त्याला सेकंदांनी गुणलं की मात्रा मिळते, मिलिजूल प्रति चौरस सेंटिमीटर. लेखात पुढे नुसतं मिलिवॅट, मिलिजूल किंवा जूल म्हटलं तरी ते प्रति चौरस सेंटिमीटरच समजा.

समजा माहितीपत्रकात २००० मिलिजूल मात्रा सांगितली आहे. ग्लूच्या अंतरावर मीटर २० मिलिवॅट दाखवतो. २००० भागिले २०, म्हणजे १०० सेकंद. पण मध्ये काच आहे. तीच काच मीटरच्या डोळ्यावर ठेवून पुन्हा मोजा. १७ आले, तर वेळ झाला सुमारे ११८ सेकंद. दोन मिनिटं धरा. हा साधा भागाकार न करता ‘अर्धा मिनिट दाखवला की बास’ म्हणणाऱ्यांचेच जोड सुटतात.

अंतराचं भान ठेवा. लहान दिव्यासाठी अंतर दुप्पट केलं की जोर साधारण चौथाईवर येतो: ५ सेंटिमीटरवर २० असेल तर १० सेंटिमीटरवर ५ च्या आसपास. पॅनेलचा दिवा किंवा भिंग लावलेला दिवा हा नियम जसाच्या तसा पाळत नाही, म्हणून काम ज्या अंतरावर करणार तिथेच मोजा. आणि बरेच मीटर ३६५ साठी जुळवलेले असतात. ३९५ किंवा ४०५ च्या दिव्याखाली ते कमी आकडा दाखवतात. मीटर घेताना आपल्या दिव्याच्या तरंगलांबीला तो चालतो का, हे विचारून घ्या. दर महिन्याला एकदा, त्याच अंतरावर, दिवा दोन मिनिटं तापल्यावर मोजून वहीत लिहा. एलईडी गरम झाली की जोर उतरतो आणि वर्षागणिकही उतरतो. डोळ्याला त्यातलं काही कळत नाही.

मग उन्हातच का ठेवू नये, असं बरेच जण विचारतात. मे महिन्याच्या सुरुवातीला सांगलीवर सूर्य भर दुपारी जवळजवळ डोक्यावर येतो. अशा स्वच्छ उन्हात यूव्हीएचा जोर साधारण ५ मिलिवॅट असतो, त्यामुळे २००० मिलिजूल सात मिनिटांच्या आत मिळतात. ग्लू धरतो, हे खरं. पण उघड्या कडेला चिकटपणा राहतो. हवेतला ऑक्सिजन मुक्त मूलकांना गिळतो, आणि प्रकाश मंद असला की त्याला ते करायला निवांत वेळ मिळतो. जोरदार दिव्याखाली मूलकं इतक्या झपाट्याने बनतात की ऑक्सिजन मागे पडतो. शिवाय उन्हात काच मांडून सरळ करेपर्यंत ग्लू धरायला लागलेला असतो. याच कारणाने ग्लूची बाटली खिडकीजवळ ठेवू नका आणि काम गॅलरीत मांडू नका.

पायऱ्यांची चाचणी

नवा ग्लू, नवा दिवा किंवा नवी काच आली की ही चाचणी करा. माझ्या मते या सगळ्या लेखात याहून उपयोगी काही नाही.

प्रयोगशाळेतल्या काचपट्ट्या घ्या, स्पिरिटने पुसा. दोन पट्ट्या फुलीसारख्या एकमेकींवर ठेवून मध्ये ग्लूचा एक थेंब. अशा सहा जोड्या करा. पहिलीला ५ सेकंद, पुढच्यांना १०, २०, ४०, ८० आणि १६०. प्रत्येक पायरी आधीच्या दुप्पट. मग पट्ट्या हाताने सरकवून पाहा. ज्या पायरीला पट्ट्या सरकायच्या थांबतात ती झाली पकड. ती पकड म्हणजे पूर्ण ताकद नव्हे. मी पकडीच्या निदान चौपट वेळ देतो, आणि माहितीपत्रकातली मात्रा त्याहून जास्त असेल तर ती पाळतो. चौपटीलाही कडेचा ग्लू टूथपिकने ओरखडला जात असेल तर दिवा आणि ग्लू जुळत नाहीत, असं समजा.

आता प्रत्यक्ष जोड. काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, लिंट न सुटणाऱ्या कापडाने. अंगावरच्या जुन्या बनियनने नको. पावसाळ्यात कृष्णाकाठची हवा इतकी दमट असते की काचेवर न दिसणारी ओल बसते. हेअर ड्रायरने काच कोमट करा आणि मगच ग्लू लावा. पातळ ग्लू आधी तुकडे बसवून कडेने सोडायचा, तो आपोआप आत ओढला जातो. घट्ट ग्लू आधी लावून मग वरचा तुकडा एका कडेने हळू टेकवायचा, म्हणजे हवेचे बुडबुडे बाहेर पडतात. मग काही सेकंद प्रकाश देऊन पकड आणा, बाहेर आलेला ग्लू धारदार पात्याने आणि अल्कोहोलने काढा, आणि त्यानंतर पूर्ण मात्रा द्या. पूर्ण मात्रेनंतर साफ करायला गेलात तर काचेवर ओरखडे पडतात. अ‍ॅक्रिलेट धरताना थोडा आकसतो, म्हणून जाड थर एकदम भरू नका. पाणी सतत लागेल किंवा माणसाचं वजन पेलायचं असेल अशा ठिकाणी हा जोड मी देत नाही.

तोच प्रकाश हातावर

१८०१ मध्ये योहान रिटर यांनी अतिनील प्रकाश शोधला तो काळेपणावरूनच: जांभळ्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं तिथे, सिल्व्हर क्लोराइड सगळ्यात झपाट्याने काळं पडलं. कातडी काळी पडण्याची रीत वेगळी आहे आणि जास्त गुंतागुंतीची.

यूव्हीए पडला की काही मिनिटांत राखाडी छटा येते. कातडीत आधीच असलेल्या मेलॅनिन या रंगद्रव्याचं रासायनिक रूप बदलतं, म्हणून ती येते, आणि पुष्कळदा काही तासांत जाते. मात्रा मोठी असेल तर काळसरपणा टिकतो. यूव्हीबीचं काम उशिरा दिसतं, दोन-तीन दिवसांनी. पेशींच्या डीएनएला इजा होते, मेलॅनिन बनवणाऱ्या मेलॅनोसाइट पेशींना निरोप जातो, टायरोसिनेज नावाचं विकर कामाला लागतं आणि नवं मेलॅनिन तयार होऊन वरच्या पेशींत पोचतं. म्हणजे उन्हाने आलेला रंग ही इजा झाल्यानंतरची तजवीज असते.

आपल्या रंगाच्या लोकांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. ४०५ चा दिवा अतिनील नाही म्हणून निर्धोक, असं विक्रेते सांगतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४१५ नॅनोमीटरच्या निळ्या-जांभळ्या प्रकाशाने कातडी गडद झाली आणि तो रंग आठवडेच्या आठवडे टिकला; ६३० च्या लाल प्रकाशाने तसं काही झालं नाही. गव्हाळ आणि सावळ्या कातडीत हा परिणाम ठळक दिसतो. साधं सनस्क्रीन इथे तोकडं पडतं. आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन दिसणाऱ्या प्रकाशाला अडवतं.

संशोधक कातडीची मात्रा कशी ठरवतात? आपल्या काचपट्ट्यांसारखीच पायऱ्यांनी. पाठीवर किंवा दंडाच्या आतल्या बाजूला छोट्या खिडक्यांचा साचा लावतात आणि प्रत्येक खिडकीला आधीपेक्षा थोडी जास्त मात्रा देतात. चोवीस तासांनी ज्या सगळ्यात कमी मात्रेला लाली दिसते ती नोंदवतात. यूव्हीएच्या काळसरपणासाठी दोन ते चोवीस तासांच्या दरम्यान पाहतात. तो टिकाऊ काळसरपणा साधारण १० ते २५ जूलच्या घरात दिसायला लागतो. कातडीचे प्रकार पाडणारी फिट्झपॅट्रिक यांची पद्धत १९७५ पासूनची; आता त्यात सहा प्रकार आहेत. आपल्याकडचे बहुतेक लोक चौथ्या-पाचव्या प्रकारात येतात.

रंग मात्र डोळ्याने न ठरवता कलरीमीटरने मोजतात. त्यात एल हा उजळपणा आणि बी हा पिवळसरपणा. एल मधून ५० वजा करायचे, बी ने भागायचं आणि ज्या कोनाचा टॅन्जंट तेवढा येतो तो कोन अंशात काढायचा. कोन जितका लहान तितकी कातडी गडद. दंडाच्या आतल्या बाजूला एल ५८, बी १८ असेल तर कोन सुमारे २४ अंश, आणि त्याच माणसाच्या हाताच्या मागे एल ५२, बी १८ असेल तर सुमारे ६ अंश. १० ते २८ हा एक गट, उणे ३० ते १० हा त्याहून गडद गट. जन्मजात रंग आणि प्रकाशाने आलेला रंग यांतलं अंतर असं आकड्यात धरता येतं. मोबाइलच्या फोटोवरून हे करू नका. कॅमेरा रंग स्वतःच सुधारतो.

विलिंग्डन, वालचंद किंवा कऱ्हाडच्या कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांना यावर प्रकल्प करायचा असेल तर माझं आग्रहाचं सांगणं आहे: मित्रांच्या हातावर दिवा मारू नका. माणसांवरच्या प्रयोगाला नैतिक समितीची परवानगी लागते, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं त्यासाठीच आहेत. त्याऐवजी हातमोजे, ओढण्या, सनकोट, काचेवरची फिल्म घ्या आणि प्रत्येकातून किती टक्के प्रकाश जातो ते मोजा. कोरडं आणि ओलं, ताणलेलं आणि सैल, अशी तुलना केलीत तरी चांगला प्रकल्प होतो.

दुकानातल्या हाताचा हिशेब

हाताच्या जागी मीटर धरा. समजा ३६५ च्या दिव्याशेजारी २ मिलिवॅट आले. एका कामाला दोन मिनिटं, दिवसाला चाळीस कामं. २ गुणिले १२० गुणिले ४०, म्हणजे ९६०० मिलिजूल, ९.६ जूल. भर दुपारच्या उन्हात अर्धा तास हात उघडा धरल्याइतका यूव्हीए, तोही सावलीत, एसीत बसून. आणि रोज. ग्लूला एकदा पुरेसा प्रकाश मिळाला की त्याचं काम संपतं. कातडीच्या बाबतीत उद्याची मात्रा आजच्या मात्रेवर चढत जाते. हात का काळवंडतो याचं उत्तर या गुणाकारात आहे.

डोळ्यांची मर्यादा आणखी कडक. आठ तासांत डोळ्यांवर यूव्हीए १ जूलच्या वर जाऊ नये, असा आंतरराष्ट्रीय मर्यादांचा आकडा आहे. तोंडाच्या उंचीला फक्त ०.१ मिलिवॅट असला तरी पावणेतीन तासांत तो गाठला जातो. साधा पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा गॉगल ३६५ ला ठीक आहे. ३९५ आणि ४०५ साठी पिवळा किंवा नारिंगी गॉगलच हवा.

दिवा हातात धरायचं आधी बंद करा. स्टँड आणि टायमर लावा, भोवती आतून काळा केलेला खोका ठेवा, हात बाहेर. निम्म्याहून जास्त प्रश्न इथेच मिटतो. हातमोजे नायट्राइलचे घ्या, ग्लू लागला की लगेच बदला. न धरलेल्या अ‍ॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी एकदा जडली की बहुधा जन्मभर राहते आणि पुढे दातांच्या उपचारांतही आडवी येऊ शकते. बोटाच्या पेराला खाज, भेगा, लालसर पुरळ दिसलं तर तो दिव्याचा काळेपणा नाही, ग्लूचा त्रास आहे. ग्लू लागलेला हात साबण-पाण्याने धुवा. स्पिरिटने चोळलात तर ग्लू पसरतो.

औषधं, बावची आणि कोड

काही औषधांनी कातडी प्रकाशाला हळवी होते. डॉक्सीसायक्लिन हे त्यातलं ठळक नाव, आणि पूर येऊन गेला की लेप्टोस्पायरोसिस टाळायला आपल्याकडे तेच दिलं जातं. रक्तदाबासाठीचं हायड्रोक्लोरोथायझाइडही त्यातलंच. औषध आपल्या मनाने बंद करू नका. त्या काळात दिव्यावरचं काम दुसऱ्याकडे द्या आणि डॉक्टरांना तुमचं काम काय आहे ते सांगा.

बावची या औषधी वनस्पतीबद्दल जास्त कळकळीने सांगायचं आहे. तिच्या बियांत सोरालेन असतं. सोरालेन लावलेल्या कातडीवर यूव्हीए पडला की ते डीएनएला घट्ट चिकटतं. कोडावरच्या ‘पुवा’ (सोरालेन आणि यूव्हीए) उपचाराचा पाया हाच आहे आणि तिथे मात्रा मोजून दिली जाते. घरी बावचीचं तेल लावून उन्हात बसलेल्यांच्या अंगावर मोठाले फोड येतात. ग्लूचा ३६५ चा दिवा नेमका याच पट्ट्यात येतो. हाताला बावची किंवा सोरालेनचं औषध लागलेलं असेल तर त्या दिवशी दिव्याजवळ जाऊच नका.

आणि कुणी कोडाचा डाग दाखवून ‘तुमच्याकडे दिवा आहेच, जरा मारून बघा’ म्हणालं तर ठाम नाही म्हणा. त्वचारोगतज्ज्ञ त्यासाठी ३११ नॅनोमीटरचा अरुंद पट्ट्याचा यूव्हीबी वापरतात. आठवड्यात दोन-तीनदा, साधारण २०० मिलिजूलपासून सुरुवात करून, प्रत्येक वेळी कातडी पाहून मात्रा थोडी थोडी वाढवत. तुमच्या एलईडी दिव्यातून तो प्रकाश निघतच नाही. आजूबाजूची चांगली कातडी मात्र गडद होते आणि डाग आणखी उठून दिसतो. त्या माणसाला त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवा. तुमच्याच हातासाठी जायची वेळ आली तर ग्लूचं माहितीपत्रक, दिव्याची तरंगलांबी, हाताच्या जागी मोजलेला आकडा आणि रोज किती वेळ काम करता हे कागदावर लिहून न्या.